एका चिठ्ठीचे सहा थांबे

बारकीच्या कंपनीचं आरोग्य-कार्ड घरात आलं, तेव्हा ड्रायव्हरकाकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"माझ्या गोळ्या मी आणीन," ते म्हणाले. "आजवर आणल्यात, पुढंही आणीन."

"अहो, फुकट मिळतायत," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच नकोत."

काकांनी जन्मभर शहरातली बस चालवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळा रस्ता त्यांना ड्रायव्हरकाका म्हणूनच ओळखायचा. त्यांच्या धाकट्या लेकीला घरात बारकी म्हणत. ही बारकी गोदीत क्रेन चालवायची. जहाजावरचे खोलीएवढाले कंटेनर उचलायचे आणि अलगद खाली मालमोटारीवर ठेवायचे, हे तिचं काम. नुकतीच ती कायम झाली होती, म्हणून हे कार्ड. त्यात आईबापांची औषधंही बसत होती. ज्या मेडिकलच्या काचेवर योजनेचं निळं चिन्ह असेल तिथं जायचं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची, कार्ड पुढं करायचं आणि औषध घेऊन घरी यायचं. इतकं ते सोपं होतं. पण सोप्या गोष्टी काकांच्या हाती सोप्या राहत नसत.

लेक क्रेन चालवते याबद्दल काका घरात चकार शब्द काढत नसत. जेवताना फार तर विचारायचे, "ब्रेक तपासून वर चढतेस ना?" ती म्हणायची, "हो बाबा." "घाई करत नाहीस ना?" "नाही बाबा." संपलं. कौतुक तोंडावर केलं की पोर बिघडतं, असं त्यांचं मत होतं. बारकी आता पोर राहिली नव्हती. मत मात्र होतं तिथंच होतं.

शेवटी काकूंनी डाव टाकला. काका बीपीच्या गोळ्या आणायला निघाले तेव्हा त्यांच्या खिशातलं पाकीट काढून घेतलं आणि तिथं कार्ड सरकवून दिलं. काकांना हे कळलं ते थेट मेडिकलच्या काउंटरवर. मागं रांग उभी, पुढं मेडिकलवाला हात पसरून. काकांनी दुसऱ्याचं पत्र उघडावं तशा चेहऱ्यानं ते कार्ड पुढं केलं.

"कुणाचं कार्ड, काका?"

"मुलीचं."

"कुठं असते?"

"गोदीत."

"ऑफिसात होय?"

हा एक प्रश्न त्या भल्या माणसानं विचारला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यानं विचारला, आणि काकांना तो लागला.

"ऑफिसात कशाला? क्रेन चालवते. जहाजं रिकामी करते."

गोळ्यांची पट्टी कापायला उचललेली कात्री तिथंच थांबली. रांगेतली डोकी वर झाली. मागच्या बाईंनी विचारलं, "ती उंचच उंच असते ती? वर काचेची खोली असते बघा?"

"तीच. त्या खोलीत बसते."

"बाई गं!" त्या बाई म्हणाल्या.

काकांनी इतकी वर्षं बस चालवली, पण त्यांना पाहून कुणी कधी 'बाई गं' म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे ते 'ओ, थांबवा की' एवढंच. त्या दोन शब्दांनी काकांच्या छातीत असं काही भरून आलं की चिठ्ठी परत घ्यायची ते विसरलेच.

"काका, माझ्याकडं एकच पट्टी आहे," मेडिकलवाला चिठ्ठी त्यांच्या हातात देत म्हणाला. "बाकीच्या पुढच्या दुकानात मिळतील. हे कार्ड तिथंही चालतं."

पुढच्या दुकानातला माणूस अबोल होता. त्यानं कार्ड घेतलं, यंत्रात घातलं, आणि काही विचारलंच नाही. काका जरा वेळ थांबले.

"कार्ड मुलीचं आहे," ते म्हणाले.

"बरं."

"गोदीत असते."

"बरं."

"ऑफिसात नाही."

आता काहीतरी विचारल्याशिवाय हा गृहस्थ हलायचा नाही, हे त्या माणसानं ओळखलं. "मग कुठं?" तो म्हणाला, आणि काका काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले.

घरी पोचले तेव्हा पानं वाढून गार झाली होती. "एवढा वेळ?" काकू म्हणाल्या. "गोळ्या आणायला गेला होतात की बनवायला?"

"स्टॉक नव्हता," काका म्हणाले. ते खरंच होतं, निदान त्या दिवशी.

पुढच्या महिन्यात सगळीकडे स्टॉक होता, आणि तीच पंचाईत होती. पहिल्या दुकानातच सगळ्या पट्ट्या समोर आल्या. काकांनी एक उचलली आणि बाकीच्या मागं सारल्या. "एवढीच पुरे. बाकीच्या पुढं घेतो."

"अहो काका, सगळ्या आहेत की माझ्याकडं!"

"असू देत. बाकीच्या दुकानांनी काय करायचं मग?"

जन्मभर ज्या रस्त्यावरून बस नेली, त्याच रस्त्यावर निळ्या चिन्हाची सहा मेडिकल होती, आणि थांबा वगळायचा नाही हे काकांचं ब्रीद होतं. उतारू असो नसो, त्यांची बस प्रत्येक थांब्यावर उभी राहायचीच. तीच शिस्त त्यांनी आता गोळ्यांना लावली. एका दुकानात एक पट्टी. महिन्याचं औषध सहा ठिकाणी बरोबर वाटून जायचं. प्रत्येक दुकानदार चिठ्ठीवर आपला शिक्का मारायचा. दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरांचं अक्षर शिक्क्यांखाली दिसेनासं झालं. तसं ते आधीही कुणाला लागत नव्हतं म्हणा.

आणि प्रत्येक थांब्यावर बारकीची गोष्ट व्हायची. पहिल्या दुकानात ती असायची तशीच असायची. पण रस्ता जसजसा लांबायचा तसतशी क्रेनही उंच होत जायची. तिसऱ्या दुकानापर्यंत ती गोदीतली सगळ्यात मोठी क्रेन व्हायची. पाचव्यात एका परदेशी जहाजाच्या कप्तानानं तिला बघून टोपी काढलेली असायची. काका खोटं बोलत होते असं नाही. गाडी उताराला लागली होती, एवढंच.

या फेऱ्यांचा एक परिणाम मात्र कुणाच्या ध्यानात आला नव्हता. महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी काकांच्या दंडाला पट्टा बांधला, काट्याकडे पाहिलं, पुन्हा बांधला.

"काका, बीपी एकदम झकास! काय करताय काय?"

"काही नाही. जरा चालतो."

"आणि मन?"

"मन मजेत आहे."

"उत्तम. मग गोळी कमी ताकदीची करू या. आणि कदाचित पुढं बंदच."

काकांचा चेहरा उतरला. "बंद? अहो, बंद कशाला? मला चांगली मानवलीय ती."

"बरं वाटत असेल तर औषध कशाला घ्यायचं?"

"सवय असते माणसाला, डॉक्टर."

अशा रोग्याशी बोलायची डॉक्टरांना सवय नव्हती. त्यांनी कमी ताकदीच्या गोळीची नवी चिठ्ठी लिहून दिली आणि बजावलं, "आजपासून ही. जुन्या आता घ्यायच्या नाहीत." काका बाहेर पडले ते थेट पहिल्या थांब्याकडे. जुन्या गोळ्यांची फेरी चारच दिवसांपूर्वी झाली होती. पण नवी चिठ्ठी म्हणजे नवी फेरी, एवढं त्यांना पुरेसं होतं. एकाच माणसाच्या नावावर त्याच औषधाच्या दोन चिठ्ठ्या, आणि पहिलीवर सहा दुकानं होऊन दुसरीवर पुन्हा तीच सुरू! दूर कुठंतरी योजनेच्या संगणकानं हे पाहिलं. संगणकाला बारकीचं कौतुक नव्हतं. त्यानं आपलं काम केलं.

तिसऱ्या दुकानात काका रंगात आले होते. रांगेतले लोक मान पुढं करून ऐकत होते. "वाऱ्यात क्रेन हलते म्हणे काका, खरं का?" कुणीतरी विचारलं. "हलते तर! पण हात हलत नाही तिचा," काका म्हणाले, आणि नेमकं तेव्हाच यंत्र केकाटलं.

"काका," मेडिकलवाला आवाज खाली आणून म्हणाला, "कार्ड बंद दाखवतंय."

"पुन्हा घाला."

"दोनदा घातलं. 'चौकशी' असं येतंय."

काकांनी कार्ड घेतलं, शर्टाला पुसलं, खिशात ठेवलं आणि कुणाकडेही न बघता पायऱ्या उतरले.

बराच वेळ रस्त्यानं भटकून घरी पोचतात तो दारात बारकीचे बूट. भर दुपारी. बारकी खुर्चीत बसली होती, आणि तिचं हेल्मेट तिच्या मांडीवर होतं.

"बाबा, तुम्ही गोळ्या विकता का?"

"काय?"

"मला खाली उतरवलं, बाबा. कार्डाचा गैरवापर झालाय म्हणे. चौकशी संपेपर्यंत मोठ्या यंत्राला हात लावायचा नाही. आज घरी पाठवलं. आता फाटकावर बसायचं, गाड्यांचे नंबर लिहून घ्यायला." तिचा आवाज चिरका झाला. "क्रेन दुसऱ्याला दिली. परत मिळेल की नाही, माहीत नाही."

काकांना स्वतःला कुणी चोर म्हटलं असतं तर ते भांडले असते. पण बारकी खाली उतरली होती, आणि ती उतरली होती त्यांच्यामुळं. हे भांडून निभण्यासारखं नव्हतं.

"पण सहा दुकानं कशाला हो?" काकूंनी विचारलं.

काका सांगणार तरी काय? उत्तर समोरच खुर्चीत बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी योजनेच्या कार्यालयात तिघं चौकशी करणाऱ्या मॅडमसमोर बसले. मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्यांपैकी होत्या. काकूंनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणल्या होत्या आणि ती पिशवी मॅडमच्या टेबलावर सरळ पालथी केली.

"मोजा," काकू म्हणाल्या. "एक जरी कमी निघाली तर सांगा. आमचे हे असतील तऱ्हेवाईक, पण विकायबिकायची अक्कल नाही त्यांना."

मॅडमनी मोजल्या. हिशोब चोख निघाला. जुन्या होत्या तितक्या होत्या, नव्या होत्या तितक्या होत्या. मॅडमचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"म्हणजे औषध बाहेर गेलेलं नाही. मग एकाच दुकानात मिळत असताना सहा दुकानं का, काका?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," काका म्हणाले.

"चाला की. दुकानात कशाला शिरता?"

"ऊन असतं."

"सहा वेळा?"

बारकीनं त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, खरं सांगा ना. माझी क्रेन जाईल."

ज्या गोष्टी काकांनी सहा दुकानांत आणि सहा रांगांत सुखेनैव सांगितल्या होत्या, त्यांतली एकही लेकीसमोर ओठांवर येईना. मॅडमनी उसासा टाकला, फोन पुढं ओढला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा करून पहिल्या दुकानाला लावला.

"हो, येतात की काका," फोन म्हणाला. "मुलगी क्रेन चालवते ना त्यांची! एकच पट्टी घेतात. म्हणतात, बाकीच्यांनाही सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"मुलीचं हो!"

काकांनी खाली फरशीकडे पाहायला सुरुवात केली. मॅडमनी दुसरा फोन लावला. तो अबोल माणूस होता. "हो," तो म्हणाला, "मुलगी गोदीत असते. ऑफिसात नाही." आणि फोन ठेवून दिला.

तिसऱ्यानं सांगितलं की वाऱ्यात क्रेन हलते पण पोरीचा हात हलत नाही. चौथ्यानं सांगितलं की गरज पडली तर ती एका वेळी दोन क्रेन चालवते. काका पुटपुटले, "तसं मी म्हटलं नव्हतं." पाचव्यानं कप्तानाच्या टोपीची हकिकत सांगितली. सहाव्या दुकानातल्या बाईंना बोलायला सवड होती.

"ती रजेवर गेली ना मॅडम, की जहाजं बाहेरच थांबतात म्हणे. आणि काका काय सांगतात ठाऊक आहे? म्हणतात, मी जन्मभर बस चालवली, माझी नजर रस्त्यावर. माझ्या पोरीनं मला वर बघायला लावलं. रोज सकाळी गच्चीवर जाऊन तिची क्रेन शोधतात हो ते! दिसली की मग खाली येऊन चहा घेतात."

मॅडमनी फोन हळूच ठेवला. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. गच्चीवर हे व्यायामाला जातात अशी इतके दिवस त्यांची समजूत होती. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांना त्या क्षणी खुर्चीखाली जागा मिळाली असती तर ते गेले असते.

मॅडमनी चष्मा काढला. "खरंच दोन क्रेन एकदम चालवता?" त्यांनी बारकीला विचारलं.

"नाही मॅडम. एकच."

"आणि त्या कप्तानानं टोपी काढली ते?"

बारकीनं बापाकडे पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं.

"वारा होता, मॅडम," ती म्हणाली. "उडाली."

मॅडम हसल्या ते हातातला चष्मा टेबलावर पडेपर्यंत. हसू ओसरल्यावर त्यांनी निकाल दिला. गैरवापर झालेला नाही. झाला आहे तो अतिवापर, आणि तोही जिभेचा. बारकीनं उद्यापासून क्रेनवर जावं. काकांनी मात्र यापुढं एकाच ठरलेल्या दुकानातून औषध घ्यावं. "कुठलं दुकान, ते आत्ताच सांगा."

काका बराच वेळ विचारात पडले. "सगळ्यात मोठी रांग असते ते कुठलं बरं..."

"बाबा!"

"घराजवळचं," काका म्हणाले.

परतताना बसमध्ये बारकी त्यांच्या शेजारी बसली. काकू पुढच्या बाकावर होत्या. त्यांचे कान मागं होते.

"बाबा, घरी कधी एक शब्द बोलला नाहीत."

"काय बोलायचं?"

"हेच सगळं."

"घरी तू असतेस ना," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुझ्यासमोर कसं बोलणार?"

बारकीनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला, आणि काकांनी तो दोन थांबे तसाच राहू दिला. मग तिनं अट घातली. दुकानात आता तिचं नाव काढायचं नाही, क्रेनचं नाही, कप्तानाचं तर मुळीच नाही. लोक हसतील, आणि फोरमन तिला आयुष्यभर चिडवेल.

"वचन द्या."

"दिलं," काका म्हणाले. तोंडावर शब्द दिला की तो मोडायचा नाही, हेही त्यांचं ब्रीदच होतं, आणि बारकीला ते चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या महिन्यात काका घराजवळच्या मेडिकलच्या रांगेत उभे राहिले. तोंड गच्च मिटलेलं. कार्ड मुठीत झाकलेलं. पुढं एक पाहुणा दिसणारा अनोळखी गृहस्थ होता. रांग पुढं सरकत नव्हती आणि त्याला गप्प बसवत नव्हतं. तो वळला.

"तुम्ही इथलेच का हो?"

"हो."

"मग तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्याकडं गोदीत एक मुलगी आहे म्हणे, क्रेन चालवणारी?"

काकांच्या घशात वचन आडवं उभं राहिलं. "असेल," ते म्हणाले. "मला नीटसं ठाऊक नाही. सांगा की."

"अहो, कमाल आहे! माझ्या मेव्हण्यानं सांगितलं. दोन हातांनी दोन क्रेन चालवते. रात्री डोळे मिटून कंटेनर लावते, केसाचा फरक पडत नाही!"

"अरे वा!" काका म्हणाले. डोळे मिटून हे काही त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. "मग?"

"मग काय! परदेशातून बोलावणी येतात. जात नाही. म्हणते, माझी क्रेन इथंच आहे."

"शाबास!"

"पुढचे कोण?" आतून हाक आली. गृहस्थाला औषध मिळालंसुद्धा, पण तो काउंटरच्या कडेला रेंगाळला. काकांनी आपल्या मागच्या दोघांना हातानं पुढं जायची खूण केली.

गृहस्थ जवळ सरकला आणि त्यानं आवाज खाली आणला. "मुलगी अशी हिरा, पण बाप मात्र भलताच बढाईखोर आहे म्हणे. बस चालवायचा. दुकानादुकानांतून फिरतो आणि लोकांना धरधरून मुलीचं सांगतो. नुसता वैताग!"

काकांनी मुठीतलं कार्ड आणखी घट्ट धरलं आणि मान हलवली.

"असेल हो तसा," ते म्हणाले. "बापाचं सोडा. मुलीचं सांगा."